ट्रॅक्टर घरचा, कीं एकट्याचा?

घरांत एखादी मोठी वस्तु आणावयाची झाली, म्हणजे एकत्र कुटुंबांत पहिला प्रश्न निघतो किमतीचा आणि दुसरा टिकाऊपणाचा. ती वापरणार कोण, हा तिसरा प्रश्न बहुधा वस्तु दारांत येऊन पडल्यावर निघतो. शिवणाचें यंत्र काय, पाण्याचा पंप काय, मोटार काय, हा अनुभव घरोघरचा आहे. ट्रॅक्टरच्या बाबतींत मात्र हा तिसरा प्रश्न मागाहून काढणें फार महाग पडतें. घरांतील कोणाला ट्रॅक्टर सुखानें चालवितां येईल आणि कोणाला येणार नाहीं, हें त्याच्या अश्वशक्तीवर फारसें अवलंबून नसतें. इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत नेणारी जी मधली योजना, तिच्यावर तें ठरतें. या महिन्यांत तिचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या पुष्कळ वाचक-कुटुंबांची एखादी शाखा आज अमेरिकेंत किंवा कॅनडांत स्थायिक आहे, आणि त्यांपैकीं कांहींनीं शहराबाहेर पांच-दहा एकर जमीन घेऊन तींत घर केलें आहे. अशा जमिनींत शेती म्हणावी अशी फारशी नसते. कामें मात्र बारमाही असतात. सडकेपासून घरापर्यंतचा खडीचा रस्ता पावसानें वाहून जातो, तो पुन्हां भरावा लागतो. हिवाळ्यांत त्यावरचें बर्फ सारावें लागतें. वादळानें पडलेलीं झाडें ओढून न्यावीं लागतात, बागेसाठीं माती व खत हलवावें लागतें, उन्हाळ्यांत गवत कापावें लागतें. रोजंदारीचीं माणसें तेथें महाग. म्हणून कुटुंब पंचवीस ते चाळीस अश्वशक्तींचा लहान ट्रॅक्टर घेतें आणि त्याच्या पुढें लोडर बसवितें. लोडर म्हणजे तेलाच्या दाबानें वरखालीं होणारे दोन बाहू व त्यांस जोडलेली रुंद बादली. खरेदीपूर्वीं सल्ला विचारला जातो तो पुष्कळदां इकडच्या वडील मंडळींना. कारण जमीन, नांगरट, ट्रॅक्टर हें सर्व त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलें असतें. अडचण इतकीच, कीं इकडे पाहिलेला ट्रॅक्टर नांगराचा आणि उसाच्या ट्रॉलीचा. तिकडे हवा असतो तो ढिगाऱ्याचा. सल्ला प्रामाणिक असूनही तो भलत्याच कामाचा होतो.

या दोन कामांतील अंतर गुणाकार करून पाहावें. नांगरणारा ट्रॅक्टर एका गिअरमध्यें या बांधापासून त्या बांधापर्यंत जातो. क्लच दाबण्याचा प्रसंग बहुधा वळणावर येतो. लोडरचें काम असें नाहीं. ढिगांत शिरावें, मागें यावें, वळून माल टाकावयाच्या जागीं पुढें जावें, बादली रिकामी करून पुन्हां मागें यावें आणि ढिगाकडे निघावें. म्हणजे एका बादलीमागें दिशा चार वेळां बदलते. लहान लोडरच्या बादलींत आठ घनफूट खडी येते असें धरूं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. घरापुढच्या रस्त्यासाठीं चार ब्रास खडी आणली, तर पन्नास बादल्या झाल्या, आणि दिशा बदलली दोनशें वेळां. साध्या गिअरच्या ट्रॅक्टरवर या प्रत्येक वेळीं डाव्या पायानें क्लच पुरा दाबावयाचा, ट्रॅक्टर थांबवावयाचा, हातानें दांडा बदलावयाचा आणि मग पाय बेतानें सोडावयाचा. एका खडीच्या ढिगापायीं हें दोनशें वेळां! पंचविशींतला मुलगा हें हंसत करील. साठीचा गुडघा दुसऱ्या दिवशीं बोलूं लागेल.

त्यांत आणखी एक गोम आहे. बादली उचलणारा तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन जलद फिरलें, तर बादली जलद उठते. परंतु गिअरच्या ट्रॅक्टरांत इंजिन जलद झालें कीं चाकेंही त्याच प्रमाणांत जलद होतात. ट्रॉलीच्या कडेपाशीं बेताबेतानें सरकावें आणि बादली मात्र झपाट्यानें वर जावी, हीं दोन्हीं कामें एकदम साधण्यासाठीं चालक क्लच अर्धा दाबून धरितो. अर्धा दाबलेला क्लच म्हणजे घासणारी व तापणारी तबकडी. ती झिजली कीं बदलणें भाग पडतें, आणि ती बदलण्यास ट्रॅक्टर इंजिन व गिअरपेटी यांच्या सांध्यावर सोडवून दोन भागांत वेगळा करावा लागतो. तबकडीची किंमत एक वेळ सोसेल, मजुरी सोसत नाहीं. खरेदींत वांचविलेले पैसे असे मागच्या दारानें निघून जातात.

आतां बाजारांत मिळणाऱ्या चार योजना क्रमानें पाहूं.

पहिली, साधी गिअरपेटी. आपल्याकडे आठ पुढचे व दोन मागचे गिअर असलेला जो ट्रॅक्टर सर्वत्र दिसतो, तो या जातीचा. इंजिनाच्या जड चक्राला एक कोरडी तबकडी दाबून बसलेली असते. तिच्याकडून शक्ति दांतचक्रांत जाते. दांतचक्रें एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून शक्ति वाटेंत फार थोडी वायां जाते. किंमत कमी, दुरुस्ती सर्वांस परिचित, आणि तासन् तास ओढण्याच्या कामांत तिचा हात धरणारी दुसरी योजना नाहीं. दिशा बदलण्याचे कष्ट हा तिचा एकच दोष. पण लोडरच्या कामांत नेमका तोच दिवसभर भोगावा लागतो.

दुसरी, सिंक्रो-शटल. शटल म्हणजे मागावरचा धोटा. धोट्याप्रमाणें पुढें-मागें जाणें सुलभ व्हावें, म्हणून येथें दिशेसाठीं वेगळा दांडा दिलेला असतो. वेगाचा गिअर आहे तसाच राहतो. आंत दोन चक्रांचे वेग आधीं जुळवून घेणारीं कडीं असल्यामुळें खरखर होत नाहीं आणि योग्य गिअर शोधण्यांत वेळ जात नाहीं. हाताचे श्रम निम्मे होतात. पण क्लच दाबणें चुकत नाहीं. दोनशेंचा आंकडा पायाच्या खातीं तसाच राहतो.

तिसरी, पॉवर शटल. आपल्या गांवोगांवीं जेसीबी या एकाच नांवानें ओळखली जाणारी पिवळी यंत्रगाडी काम करीत असतां तिच्या चालकाच्या डाव्या हाताकडे लक्ष द्यावें. स्टिअरिंगखालचा एक लहान दांडा तो नुसत्या बोटांनीं पुढें-मागें सारितो, आणि एवढी अवजड गाडी तत्काळ दिशा बदलते. त्या गाडीची घडण ट्रॅक्टरहून वेगळी असली, तरी दिशा बदलण्याचें तत्त्व हेंच. पेटींत तबकड्यांच्या दोन जुड्या तेलांत बुडालेल्या असतात, एक पुढें जाण्याची व एक मागें येण्याची. दांडा हलवितांच तेलाचा दाब एका जुडीस सोडतो आणि दुसरीस धरितो. तबकड्या तेलांत असल्यामुळें घर्षणाची उष्णता वाहून जाते व झीज फार कमी होते. पायांतला क्लच असतो, पण तो सुरुवातीस किंवा अगदीं अंगुळ-अंगुळ सरकतांना. ओढण्याची शक्ति गिअरच्या जवळजवळ आणि दिशाबदल बोटांवर, असा हा मध्यम मार्ग आहे. किंमत अर्थातच चढते; म्हणून ही योजना लहान ट्रॅक्टरांपेक्षां मोठ्यांत अधिक आढळते.

चौथी, हायड्रोस्टॅटिक. येथें इंजिन एक पंप फिरवितें, पंप दाबाखालचें तेल मोटारीकडे ढकलतो आणि मोटार चाकें फिरविते. पंपांतील एक तिरपी तबकडी पायाखालच्या पेडलनें कमीजास्त कलते. तिचा कल जितका, तितकें तेल जातें व तितका वेग येतो. पेडल पुढें दाबलें तर पुढें, मागें दाबलें तर मागें, सोडलें तर ट्रॅक्टर मंदावून थांबतो. दिशा बदलण्यास क्लच दाबावा लागत नाहीं, दांडा हलवावा लागत नाहीं. मोठा लाभ असा, कीं इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांची जुनी गांठ सुटते: इंजिन जलद ठेवून बादली झपाट्यानें उचलावी आणि त्याच क्षणीं चाकें गोगलगायीच्या चालीनें सरकवावीं. बर्फ उडविणारें यंत्र किंवा गवत कापणारीं पातीं जोडलीं असतां हाच गुण उपयोगी पडतो. पातीं पूर्ण वेगांत फिरत राहतात, आणि झाडाच्या बुंध्याशीं ट्रॅक्टर हवा तितका हळू नेतां येतो.

या चौथ्या योजनेंत नवशिक्यांची एक समजूत चुकते, ती येथेंच सांगितलेली बरी. बादली ढिगांत अडली कीं मनुष्य स्वभावतः पेडल अधिक दाबतो. आणि इंजिन गुदमरूं लागतें. अधिक दाबणें म्हणजे वरचा गिअर घालण्यासारखें आहे. अशा वेळीं पाय थोडा सैल करावा. तेल कमी जातें, पण रेटा वाढतो, आणि बादली शिरते. शिवाय बहुतेक यंत्रांत दोन किंवा तीन वेगश्रेणी असतात. ढिगाचें काम नेहमीं खालच्या श्रेणींतच करावें.

या सोईची किंमतही द्यावी लागते. पंप आणि मोटार या दोन्हीं ठिकाणीं शक्तीचा कांहीं भाग उष्णता होऊन जातो. कुबोटा या जपानी कंपनीचा २४.८ अश्वशक्तींचा एल २५०१ हा ट्रॅक्टर गिअरचा व हायड्रोस्टॅटिक अशा दोन्हीं तऱ्हांनीं विकला गेला. मागचीं अवजारें फिरविणारा जो दांडा, ज्याला पी.टी.ओ. म्हणतात, त्यावर मिळणारी शक्ति कंपनीच्या आंकड्यांप्रमाणें गिअरच्या नगांत २०.५ अश्वशक्ति, तर हायड्रोस्टॅटिक नगांत १९. इंजिन तेंच, आणि दीड अश्वशक्ति केवळ सोईपायीं गेली. मूळ किंमत अधिक, तेल व गाळणी वेळेवर बदलण्याची शिस्त कडक, तेल थंड ठेवणाऱ्या पात्यांत गवत-कचरा साचूं न देण्याची दक्षता निराळीच. आणि पंप बिघडला, तर तो खेड्यांतल्या हातोडी-पान्यानें दुरुस्त होण्यासारखा नव्हे. दिवसाचे आठ तास नांगरणाऱ्यानें हा व्यवहार करूं नये, असेंच आम्ही म्हणूं.

या ठिकाणीं थोडा इतिहास पाहिला तर दोन देशांची निवड वेगळी कां झाली, हें उलगडतें. इंग्लंडांत सिल्सो येथील शेतकी यंत्रविद्येच्या राष्ट्रीय संस्थेनें इ. स. १९५४ मध्यें हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरचा प्रयोग करून दाखविला. अमेरिकेंत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें इ. स. १९६७ मध्यें आपल्या ६५६ या ट्रॅक्टरांत ही योजना घालून तो बाजारांत आणला. याच हार्वेस्टर कंपनीच्या भागीदारींत महिंद्र मंडळींनीं इ. स. १९६३ मध्यें मुंबईस ट्रॅक्टर कंपनी काढली होती; तरीही कांदिवलीहून जो ट्रॅक्टर आपल्या शेतांवर आला, तो गिअरचाच. तें योग्यच झालें. येथील काम ओढण्याचें, डिझेलचा थेंब मोलाचा, आणि बिघाड झाला तर उपाय तालुक्याच्या गांवीं मिळावयास हवा. तेच महिंद्र इ. स. १९९४ पासून अमेरिकेंत ट्रॅक्टर विकूं लागले, आणि तेथील लहान ट्रॅक्टरांत हायड्रोस्टॅटिकही देऊं लागले. एकाच घराण्यानें दोन देशांत दोन प्रकार विकावे, यांत विसंगति नाहीं. काम बदललें, म्हणून योजना बदलली. सल्ला देणाऱ्या वडिलांनींही हेंच धोरण ठेवावें.

येथें कोणी म्हणेल, शक्ति मोजतां येते, सोय कशी मोजावी? शक्तीच्या बाबतींत गिऱ्हाईक फसूं नये, म्हणून अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानानें इ. स. १९१९ मध्यें कायदा केला, आणि पुढच्या वर्षापासून लिंकन येथें ट्रॅक्टरांच्या रीतसर परीक्षा होऊं लागल्या. त्यांत ओढण्याची शक्ति मोजतात, इंधन मोजतात. चालविणाऱ्याचा गुडघा कोणी मोजीत नाहीं. तें काम घरच्यांनींच करावयाचें असतें.

आमच्या मतें खरी मेख येथें आहे. अवघड ट्रॅक्टर घरांत आला, म्हणजे थोड्याच दिवसांत तो कोणातरी एकाचा होतो. थोरला मुलगा सरावला, तोच चालवितो. धाकटा एकदोनदां क्लचशीं झगडून नाद सोडतो. सुनेला कोणी विचारीत नाहीं. वडिलांना इच्छा असून पाय साथ देत नाहींत. मग तो एकटा परगांवीं गेला किंवा तापानें पडला, आणि रात्रींत फूटभर बर्फ पडलें, तर अंगणांत यंत्र उभें असून घराचा रस्ता बंद. पैसा सर्वांचा, जागा सर्वांची, आणि उपयोग एका माणसाच्या हजेरीवर. त्या एकट्याच्या मनांतही कालांतरानें कुरकुर उत्पन्न होते, कीं सगळें आपल्याच अंगावर पडतें. एकत्र कुटुंबांतील पुष्कळ कुरबुरी अशाच, कोणाचा दोष नसतां, वस्तूच्या निवडींतून जन्मतात. दीड अश्वशक्ति गमावून जर घरांतील चार माणसें तो ट्रॅक्टर निर्धास्तपणें चालवूं शकत असतील, तर ती दीड अश्वशक्ति फार चांगल्या भावानें विकली गेली असें समजावें.

निर्धास्तपणें हा शब्द आम्हीं वापरला, पण निष्काळजीपणें नव्हे. सोपें यंत्र हें निरुपद्रवी यंत्र असतें, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर पेडल सोडतांच थांबतो हें खरें. परंतु तें थांबवणें वेगश्रेणीच्या चक्रांतून चाकांपर्यंत पोंचतें. उतारावर श्रेणीचा दांडा मोकळ्या जागीं आणला, कीं तो आधार नाहींसा होऊन ट्रॅक्टर सुटतो. म्हणून उतारावर श्रेणी बदलूं नये, आणि ट्रॅक्टर उभा करावयाचा तर हातब्रेक लावल्यावांचून आसन सोडूं नये. गिअरच्या ट्रॅक्टरवरही उतारावर क्लच दाबून जाणें तितकेंच घातक आहे.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांस ठाऊक असते. पुढें भरलेली बादली असली, म्हणजे मागच्या चाकांवरचा भार हलका होतो. ब्रेक सामान्यतः मागच्या चाकांवर असतात. हलकीं झालेलीं चाकें जमीन धरीत नाहींत, आणि ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत जातो. याकरितां लोडरचें काम चार चाकांची गति जोडूनच करावें, मागें पुरेसें वजन बांधावें, आणि भरलेली बादली नेतांना ती जमिनीपासून थोडीशीच उंच ठेवावी. उंच बादली म्हणजे डोक्यावरची घागर. पाऊल चुकलें कीं सगळेंच कलंडतें. ट्रॅक्टर उलटला तर चालक चिरडूं नये, म्हणून मागें जी पोलादी कमान असते, ती स्वीडनमध्यें नव्या ट्रॅक्टरांस इ. स. १९५९ पासून सक्तीची झाली. अमेरिकेंतील कारखानदार ती इ. स. १९८५ पासून आपण होऊन बसवूं लागले. कमान उभी ठेवावी व कमरेचा पट्टा बांधावा. एकावांचून दुसऱ्याचा उपयोग नाहीं. आणि नातवंडाला मांडीवर घेऊन एक फेरी मारण्याचा मोह आजोबांनीं आवरावा. ट्रॅक्टरला आसन एकच असतें, आणि बादली ही बसण्याची जागा नव्हे.

मग निवड कशी करावी? आम्ही दोनच मोजण्या सुचवितों. पहिली दिशाबदलांची. वर्षभराच्या कामांची यादी करून प्रत्येकापुढें लिहावें, हें ओढण्याचें, कीं पुढें-मागें करण्याचें? दुसरी मोजणी हातांची. हा ट्रॅक्टर घरांतील किती माणसें चालवितील, आणि त्यांत वयोवृद्ध व नवशिके किती? बरेच एकर नांगरावयाचे असून चालविणारा एकच सराईत असेल, तर साधी गिअरपेटी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत चांगलीं अवजारें घ्यावींत. ओढण्याचें काम मुख्य, लोडर कधींमधीं, आणि खर्चाला मर्यादा असेल, तर सिंक्रो-शटल पुरेल. ट्रॅक्टर मोठा हवा असेल, रोजचा लोडरही असेल आणि जड ओढणेंही असेल, तर पॉवर शटल. आणि पांच-दहा एकरांतलीं हरतऱ्हेचीं घरकामें चार जणांनीं मिळून करावयाचीं असतील, तर हायड्रोस्टॅटिक घेण्यास मुळींच संकोच करूं नये. याखेरीज दांतचक्रें व तेलाचा दाब या दोहोंचा मेळ घालणारी एक पांचवी तऱ्हा आहे. जर्मनींतील फेंट कंपनीनें इ. स. १९९५ मध्यें ती पुढें आणली. ती मोठ्या शेतांसाठीं आहे आणि तिचें मोलही तसेंच. घरगुती कामासाठीं तिच्या वाटेस जाण्याचें कारण नाहीं.

शेवटचें सांगणें असें. विक्रेत्याच्या दुकानांत सपाट जागेवर एक फेरी मारून सौदा करूं नये. मातीचा ढीग दाखवा म्हणावें, आणि घरांतून जे जे चालविणार असतील त्या सर्वांना नेऊन प्रत्येकाकडून दहा-दहा बादल्या भरवून व रित्या करवून पाहाव्या. वडिलांना आसनावर चढतांना धरावें लागतें काय, सुनेचा पाय पेडलपर्यंत नीट पोंचतो काय, धाकट्याच्या चेहऱ्यावर भीति आहे कीं आत्मविश्वास, हें त्या दहा बादल्यांत दिसून येतें. किमतीचें पत्रक तें सांगत नाहीं. ज्या यंत्रावर दहावी बादली पहिलीपेक्षां सर्वांना सोपी जाते, तें यंत्र त्या घराचें समजावें.